बारावी फेरी

डिचोलीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
सोमवार-गुरुवार, सहा ते साडेसात,
मी पायथन शिकतो.
वय सत्तेचाळीस. यापूर्वीचा अनुभव:
टिप्पर, दहा टनी, एकोणीस वर्षं.

शिकवते प्रेषिता गांवस, माझ्या भाचीच्या वयाची.
पहिल्याच दिवशी म्हणाली,
लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा, न कंटाळता.
मी म्हटलं, बाय, हे ठाऊक आहे.
खाणीवर भरायचं, आमोण्याच्या जेटीवर ओतायचं,
रिकामं परतायचं. दिवसाला बारा फेऱ्या.
न कंटाळता, हे मात्र खरं नाही.

मग तिनं तेच लिहायला लावलं.
फॉर फेरी इन रेंज, कंसात एक, स्वल्पविराम, बारा.
पुढे कोलन. खालची ओळ चार जागा आत.
ही चार जागांची शिस्त मला पटली.
जेटीच्या रांगेत गाडी अशीच आत घ्यावी लागते,
एक चाक बाहेर राहिलं
की मागचे सगळे भोंगे तुमच्या नावानं.

एंटर दाबला.
एक, दोन, तीन, एकाखाली एक,
अकरा.
पुढे काही नाही.

बारावी कुठं गेली?
शेवटचा आकडा धरत नाहीत काका, ती म्हणाली,
त्याच्या अलीकडे थांबायचं.

मी पडद्याकडे बघत राहिलो.
बाबुसो मुकादम दिसला,
कानामागं पेन्सिल, मांडीवर लाल वही.
दिवेलागणीची ट्रिप त्यानं कधी लिहिलीच नाही.
काळोख झालेला, मी बघितली नाही, म्हणायचा.
एकोणीस वर्षांच्या किती होतील?
हे गणित आता मला दोन ओळींत करता येतं.
केलं नाही.
फक्त बाराचे तेरा केले.
बारावी फेरी आली,
धुळीशिवाय, डिझेलच्या वासाशिवाय,
काळ्यावर पांढरी.

गुरुवारी खरं-खोटं.
पास आहे, आणि टायर बरा आहे, आणि ड्रायव्हर शुद्धीवर आहे:
तिन्ही खरं असेल तरच गाडी निघेल.
'अँड' मोठा कडक माणूस.
आमचं सगळं 'ऑर'वर चालायचं.
पास, नाहीतर ओळख,
ओळख नाही तर घडी घातलेली नोट.
मग एका सकाळी कोर्टातून
सगळ्या वाक्याच्या आधी 'नॉट' लागलं.

व्हाइल ट्रू लिहिलं तर? मी विचारलं.
थांबणारच नाही. आत कुठंतरी ब्रेक लागतो.
ब्रेक मला माहीत होता, उजव्या पायाखाली असायचा.
तो दुसऱ्या कुणी दाबला.
टिप्पर अजून परसात आहे,
हौद्यात पाणी साचतं, बेडूक असतात,
मुलगा म्हणतो भंगारात घाल.

नंतर स्ट्रिंग. अवतरणात घातलेले शब्द.
मी माझं गाव घातलं.
लायसनवर आहे तसं, फिरंग्यांच्या वेळचं, सांकेलीम,
आणि आधारवर आहे तसं, साखळी.
मधे बरोबरच्या दोन खुणा.
उत्तर: फॉल्स.
पुन्हा केलं. फॉल्स.
आता याला कोण सांगणार
की दोन्हींची बस त्याच पुलाशी थांबते
आणि खाली वाळवंटीला एकच पाणी.
प्रेषिता म्हणाली, तुम्ही सांगायचं काका,
त्यासाठीच तर शिकतोय.
मी वहीत लिहून घेतलं. अजून जमलेलं नाही.

परवा बाजारात बाबुसो भेटला.
डोळ्याचं ऑपरेशन झालंय, हिरवा चष्मा,
हातात पिशवीभर तवशीं.
चहा घेताना मी त्याला ते सगळं सांगितलं,
रेंजचं, अकराचं,
संगणकसुद्धा शेवटची मोजत नाही म्हणून.
तो बशीत फुंकत राहिला.
बराच वेळानं म्हणाला,
त्यालाही मालकानंच सांगितलेलं असणार.