तीस की बत्तीस

ससूनच्या अतिदक्षता विभागाचं दार.
मी बाहेर, हातात पेजेचा डबा.
‘तुम्ही नाही, डबा जाईल,’ सिस्टर लोंढे म्हणाल्या.
आत विश्राम, माझा धाकटा भाऊ.

अठ्ठावीस वर्षं फळ्यावर हेच तर काढलं मी:
एनएडीएच त्या आतल्या पटलातून जात नाही.
ते दाराशीच थांबतं,
इलेक्ट्रॉन दुसऱ्याच्या ओंजळीत सोडतं,
आणि मॅलेट होऊन तो दुसरा आत शिरतो.
आत गेल्यावर पुन्हा सोपवासोपवी.
नाव बदलतं, ओझं तेच.

वर्ग दुपारचा; पोरं पेंगायची.
फक्त एकदा, चौथ्या बाकावरून बागवान:
‘मॅडम, मग जो बाहेर राहतो त्याचं काय?’
रिकामा होतो, मी म्हटलं, पुन्हा भरायला मोकळा.
दोन गुणांपुरतं उत्तर.

डबा परत आला. कडेला पेजेचा पापुद्रा.
‘तीन चमचे घेतले बरं का.’
तीन.
एका ग्लुकोजमागे तीस, की बत्तीस?
कुठल्या दारानं गेलं, त्यावर आहे सगळं,
हे मी मुलांकडून पाठ करून घ्यायचे.

आवाराच्या कडेला नळ आहे.
तिथे डबा विसळते,
उजेडाकडे धरून बघते.
पुन्हा पाच वाजता.