उभी-आडवी

दर्यापूरकडच्या शाळेत, नकाशांच्या कपाटामागे
बोरकुटे सरांना सापडलं ते :
राणीच्या काळातलं इंग्रजी कवितांचं पुस्तक,
पानोपानी टाकानं काढलेली चित्रं.
कविता उधईनं खाल्ल्या होत्या.
चित्रं उरली. शाईत हिरडा असंल, सर म्हणाले, तुरट लागली असंल.

एक बाई, पाण्याकाठी वाकलेली.
सरांनी तिच्या झग्याच्या घडीवर भिंग धरलं.
"पाह्य बे, काळा रंग कुठीच नाही.
नुसत्या रेघा. उभ्या, मंग आडव्या.
तुहा बाप चौफुलीची पऱ्हाटी डवरते तशा."

माझी पहिली सावली फुटली, कागदाच्या पार.
दुसरी जरा बरी.
तिसऱ्या दिवशी तिच्या पायाशी पाणी हललं,
आणि मी ते काढलंच नव्हतं,
दोन रेघांमधली जागा फक्त सोडली होती.

ती कोण, कुणासाठी थांबलेली,
ते उधईच्या पोटात.
मी तिच्याजवळ एक गुंड ठेवला, पितळेचा, पोचा आलेला.

सर बराच वेळ बघत राहिले.
"खारं का गोडं,
रेघंत नाही समजत गड्या."
मग माझ्याच निबनं, पाण्याखाली,
मुंगीएवढ्या अक्षरात
लिहिलं : गोडं.