डावा गुडघा

लडिंग्टनला एप्रिलातही सरोवरावरून सुरी येते,
वारा म्हणायचं तिला फक्त.
गराज बंद, हीटर चालू,
आणि मी बोटीच्या पोटात गुडघे टेकून.
सोळा फुटी, सदुसष्टची, फायबरग्लासची.
गेरिट गेल्यावर लॉइसने दिली मला
एका क्राउनच्या मोबदल्यात:
खालची डावी, दुसरी दाढ.

वरून कार्पेट ठीकठाक होतं.
खालच्या प्लायवूडमध्ये बोट खुपसलं,
दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.
नवल नाही वाटलं. तीस वर्षं हेच बघतेय,
वर चकाकी, आत बोगदा.

हातोडीच्या दांड्याने ठोकत गेले.
जिवंत असेल तिथे टण्ण,
मेलेलं असेल तिथे भद्द, ओल्या उशीसारखं.
भद्दभोवती खडूने गोल काढत राहिले
तर शेवटी गोलाबाहेर काही उरलंच नाही.
फोम निघाला तो पाणी पिऊन विटेएवढा जड.
एका ढेकळात केसांची पिन सापडली.
जॅकेटच्या खिशात टाकली, विसरले.

कीड काढताना मोह होतो थांबण्याचा.
पुरे एवढं, भरून टाकू, पेशंटलाही घाई असते.
पण राहिलेलं तेवढंच
रात्री दोनला फोन करतं.
खरवडत राहिले कोरडं लाकूड लागेपर्यंत.
लागलं नाही.
सगळे स्ट्रिंगर गेले.

मग नव्या फळ्या, काचेचं कापड, रेझिन.
थंडीत ते आळेना,
चमचाभर हार्डनर जास्त घातलं तर डब्यातच धुमसलं.
कोपरापर्यंत खाज. खोबरेल लाव, नवरा म्हणाला
दारातूनच, नाक धरून.
मे अखेर जमीन झाली.
पाण्यावर चालणाऱ्या वस्तूची, तरी जमीनच.
बूट आपटला: टण्ण.

आणि काच बसेना.

उजवीकडे चपखल. डावीकडे कोपऱ्यात
करंगळी जाईल एवढी फट.
दाबलं तर फ्रेम कण्हली.
स्क्रूने ओढून घेता येते, घेतातही लोक,
पहिल्या मोठ्या लाटेला तडा जातो.
दोन रात्री मी फ्रेमला नावं ठेवली. तिसऱ्या रात्री
नाळेपासून मागच्या फळीपर्यंत दोरी ताणली
तेव्हा दिसलं, बोटच वाकडी.
ट्रेलरचा एक रूळ खचलेला,
त्यावर ती कित्येक हिवाळे
कूस न बदलता झोपलेली,
आणि तशाच अंगावर मी नवी जमीन ओतली, पक्की.
तिचा बाक मीच कायमचा केला.
इतक्या नीट हाताने.

डावी कड पुन्हा कापली. कापताना कुणाशी बोलले नाही.
खाली जॅक लावला, रोज अर्धा आटा,
तारा लावलेल्या पोरांचे दात सरकवतो तसा.
पेशंटला चावायला देतो तो निळा कागद
क्लिनिकातून आणून फ्रेमखाली सरकवला.
चाव, म्हटलं.
डाग उठला तिथे घासलं.
चाव.
अकराव्या दिवशी कागद सगळीकडे सारखा निळा.

जूनमध्ये लॉइस आली. ट्रेलरवरच
चढून बसली, डाव्या सीटवर. मी हात दिला तो घेतला नाही.
"पाइप लाव," म्हणाली. "काचेवर. जोरात."
लावला. पाणी काचेवरून
ओघळून सगळं बाहेर गेलं.
ती गुडघ्यावर पालथा हात ठेवून वाट बघत होती.

"इथे पडायचं," म्हणाली. "चाळीस वर्षं, थेंब थेंब, नेमकं इथे.
पुढच्या वर्षी करतो म्हणायचा गेरिट.
मी टॉवेल घेऊनच बसायचे."

फट ठेवू का परत, मी म्हटलं, गमतीने.
ती हसली नाही. खरंच विचार केला तिने.
"नको. तुझी मुलगी बसेल इथे."

मला पिन आठवली.
जॅकेट तर केव्हाच धुऊन निघालं होतं.
नळ बंद करायला वळले,
तर म्हणाली, असू दे अजून जरा.