खोटी वर्दी

डॉक्टर मुकादमांनी बोट ठेवलं
माझ्या जबड्याखाली, आधी डाव्या, मग उजव्या,
जिथं मोठी धमनी फुटून दोन वाटा होतात,
एक मेंदूकडे, एक चेहऱ्याकडे.
"इथं या बेचक्यात
तांदळाच्या कणीएवढं काहीतरी बसलेलं असतं, धुरी.
येणाऱ्या रक्ताची चव घेत.
प्राणवायू कमी वाटला की वर कळवतं."

वर कळवतं.
भायखळ्याच्या नियंत्रण कक्षात एकतीस वर्षं
मी दुसरं काय केलं?

"तुमची कणी बिथरलीय," त्या म्हणाल्या.
"हवा भरपूर आहे, तरी ती आग आग करते,
आणि खाली सगळे पळत सुटतात.
हृदय, मूत्रपिंडं,
बारीक बारीक नसा कंबर आवळून उभ्या."
म्हणून चार गोळ्या गिळूनही
पारा एकशे ब्याऐंशीवर.

खोट्या वर्द्या, मी म्हटलं.
त्या मला चांगल्या माहीत आहेत.
आग्रीपाड्याचा एक पोरगा दर रविवारी चारला
फोन करायचा:
"आग लागलीय, लवकर या."
कुठं रे?
"बापाच्या डोक्याला."
तरी बंब पाठवायचा. नियम होता.
वर्दी खरी की खोटी ते पोचल्यावर कळतं,
टेबलावर ठरवायचं नाही.
रुमावनं हे स्वतःच्या हातानं लिहून
काचेखाली सरकवून ठेवलं होतं.

त्याच रुमावनं एका रविवारी
आवाज ओळखला, हसला
आणि रिसीव्हर ठेवला.
दुसऱ्या टेबलावर मी होतो.
दुसरा फोन आला तो माझ्याकडे,
एका बाईचा, पत्ता तोच.
मधे अकरा मिनिटं.
लॉगबुकात ती अजून तशीच आहेत,
कोरी, दोन नोंदींच्या मधे.

"काढून टाकता येते का ही?"
"एका बाजूची काढून पाहिलीय काही ठिकाणी.
कुणाला गुण आला, कुणाला नाही.
आमची गोळी कापत नाही,
नुसता तिचा आवाज उतरवते. चाचणी आहे.
जिभेची चव जाईल कदाचित."
आणि झोपेत कधी खरंच श्वास अडला तर?
बाई खोटं बोलल्या नाहीत.
पेनाचं टोपण लावलं, काढलं.
"तेही बघायचंय," म्हणाल्या.

चौदा पानी संमतिपत्र.
त्यात माझं नाव कुठंच नाही, सगळीकडे 'सहभागी'.
सहभागीला समजले आहे. सहभागी केव्हाही माघार घेऊ शकतो.
मंदाकिनी म्हणाली, वाचू नका, दाब वाढेल.
मी शेवटपर्यंत वाचलं
आणि सही केली,
ड्यूटी सोपवताना करायचो तशी,
वेळ घालून.

सहा आठवडे झाले.
एकशे शेहेचाळीस, नव्वद.
गोळी खरी की नुसता खडू, ते मला सांगत नाहीत.
पण सुकटीची चटणी
ओल्या पाटीसारखी लागते,
त्यावरून मी काय ते ओळखलंय.
मंदाकिनी मिरची वाढवत चाललीय.
मी छान झालीय म्हणतो.
ही एक खोटी वर्दी माझ्याकडून.

काल रात्री अडीचला
खालच्या रस्त्यावरून बंब गेले.
पडल्या पडल्या मोजले: एक, दोन,
मागून पाण्याचा टँकर, म्हणजे मोठी असणार.
एरवी या आवाजानं
छातीत सगळं स्टेशन जागं व्हायचं.
काल बोट जबड्याखाली नेऊन पाहिलं.
नाडी चालली होती
मधल्या सुट्टीतल्या शिपायासारखी.
गळ्यात कुणी काही बोललं नाही.

मग मीच उठलो.
खिडकीपर्यंत गेलो,
एक पट उघडला
आणि बराच वेळ
हवेचा वास घेत राहिलो.