तुकडा सातवा, टेक चौथा

बँड म्हटल्यावर गाळामालकाने विचारलं,
वरातीतला की गणपतीतला?
लॉइड म्हणाला, दोन्ही नाही.
मग गाणारं कोण?
कोणीच नाही.
मालकाने भाडं पाचशेनं वाढवलं.

दारुखान्यातला गाळा.
दिवसा बोल्ट, वायसर, नांगरांच्या साखळ्या,
रात्री आम्ही चौघं.
सुहृदने ड्रमशेजारी टांगला होता
फोडलेल्या जहाजाचा पत्रा,
भंगाराच्या भावाने घेतलेला, चौदा किलो दोनशे ग्रॅम.
त्यावरून साखळी ओढली की
अख्ख्या गल्लीचे दात शिवशिवायचे.

ट्यूबलाइट गुणगुणायची.
चोक बदलला, वायर बदलली, माइक उशीत गुंडाळला,
तरी प्रत्येक टेकमध्ये ती होतीच,
तंबोऱ्यासारखी हट्टी.
शेवटी अनाहिता म्हणाली, जाऊ दे,
आपणच हिच्या सुरात लावून घेऊ.
तारा किंचित ढिल्या केल्या.
त्या रात्रीपासून आम्ही कुठल्याच पेटीशी जुळत नाही,
फक्त बेस्टच्या विजेशी.

तुकड्यांना नावं नव्हती.
नाव दिलं की लोक नावच ऐकत बसतात.
सातवा एकोणीस मिनिटांचा.
पहिला टेक पेडलच्या सेलने खाल्ला.
दुसऱ्यात मी चुकलो.
तिसऱ्यात कोणीच चुकलं नाही, म्हणून पुसला.
चौथ्यात,
सगळं विझत विझत एका तारेवर आलेलं,
ती तारही आता जाते की मग जाते,
तेवढ्यात दार करकरलं
आणि फाटकाची किल्ली सांभाळणारे घाडीकाका
दबक्या आवाजात म्हणाले,
"आटापला काय रे?"

कापायचं की ठेवायचं यावर आम्ही
इराण्याकडे दोन तास भांडलो. ठेवलं.
अख्ख्या रेकॉर्डवर माणसाचे शब्द एवढेच.

दोनशे प्रती काढल्या, एकसष्ट खपल्या.
बाकीच्या माझ्या पलंगाखाली, चपलांच्या खोक्यांमागे.
लॉइड मस्कतला गेला.
पत्रा सुहृदने परत किलोवर विकला,
म्हणाला, भाव वाढलाय.

परवा घाडीकाकांचा मुलगा आला, काळाचौकीहून.
फोटो आहेत म्हणाला, भिंतभर,
पण बाबांचा आवाज कुठेच नाही,
तुमच्याकडे असेल असं आई म्हणते.

स्पीकर पिशवीत घालून गेलो.
खोलीत सगळे बसलेले, पोरंसुद्धा, पूजेला बसावं तसे.
त्यांना कशाला हा छळ, म्हणून
मी सरळ शेवटच्या मिनिटावर नेत होतो,
तर म्हातारीने मनगट धरलं.
"पयल्यापासून लाव रे.
तेंका येवक उशीर कित्याक होय,
ता कळांदे माका."

सुनेने कुकरखालचा गॅस बंद केला.
ट्यूबलाइट गुणगुणू लागली,
त्यांची की आमची,
सांगता येईना.