अक्षरी रुपये

तक्रारदार जातीने हजर, मी टंकलं.
वकील नाही. नायलॉनच्या पिशवीत फाइल,
फाइलला मासळीचा वास,
तो पुढे आमच्या कपाटालाही लागला.

द्वारका हरेश नाखवा, वय सत्तेचाळीस,
राहणार दिवाळे गाव, इथून चालत वीस मिनिटं.
गळ्यावर आडवी, दोऱ्याएवढी खूण.
गाठ निघाली. गाठीबरोबर आवाज गेला.

"जरा मोठ्याने बोला, बाई."
हे मी म्हणालो. एकदा नाही, तीनदा.
लघुलेखकाला ऐकू यायला हवं ना.
शेवटी अध्यक्षांनी पंखा बंद करायला लावला
आणि कोकण भवनाच्या त्या खोलीत
पलीकडच्या खात्यातले शिक्के ऐकू यायला लागले,
ठप्प, ठप्प,
आणि दोन शिक्क्यांच्या मधल्या फटीत
सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी
तशी ती.

शेजारणीचं शपथपत्र जोडलेलं होतं:
हिने धक्क्यावरून हाक मारली
की खाडीतून होडी वळायची.

सामनेवाल्यांचे वकील म्हणाले, ही ज्ञात गुंतागुंत आहे.
तिने मान वर केली.
जाळ्यांचे गुंते सोडवत वाढलेली बाई,
तेवढाच शब्द ओळखीचा वाटला असेल.
डॉक्टर एकाही तारखेला आले नाहीत.
संमतीपत्र आलं. सही तिची, खरी.
वरचा मजकूर इंग्रजी, आणि रिकाम्या जागा
वेगळ्या शाईने, वेगळ्या हाताने,
बहुधा वेगळ्या दिवशी भरलेल्या.
तिथे प्रकरण फिरलं.

मग हिशेब.
उत्पन्नाचा पुरावा? नाही.
बोंबलाची पावती कोण फाडतं?
धरू या काल्पनिक, महिना नऊ हजार.
अपंगत्व किती टक्के?
सिव्हिल हॉस्पिटलने तीनदा परत पाठवलं होतं.
हात, पाय, डोळे, सगळ्यांचे तक्ते होते,
हाकेचा रकाना त्यांना सापडला नाही.

हल्ली ती भाव पुठ्ठ्यावर लिहिते.
मी पाहिलंय, एका शनिवारी मुद्दाम गेलो होतो.
पुठ्ठ्याशी घासाघीस करता येत नाही.
गिऱ्हाईक वाचतं आणि पुढच्या पाटीकडे जातं;
तिथली बाई शिव्या देते, हसते,
वर मूठभर मांदेली टाकते.
द्वारकाबाई नुसता कोयता फळीवर आपटते.
मी अर्धा किलो कोळंबी घेतली.
तिने मला ओळखलं नाही,
किंवा ओळखलं आणि बोलली नाही.
यातला फरक आता कसा कळणार?

निकाल मीच टंकला.
तक्रार अंशतः मंजूर.
"उभय पक्षांचा युक्तिवाद ऐकला"
हे वाक्य साच्यात आधीपासूनच असतं,
मी फक्त ते खोडलं नाही.
नुकसानभरपाई, द.सा.द.शे. नऊ टक्के व्याजाने;
शारीरिक व मानसिक त्रासापोटी चाळीस हजार वेगळे
(शारीरिक कुठे संपतं, मानसिक कुठून सुरू, विचारू नये);
तक्रारीचा खर्च दहा; पंचेचाळीस दिवसांत.

एकेचाळिसाव्या दिवशी रुग्णालय अपिलात गेलं.
अर्धी रक्कम वरच्या आयोगात जमा,
उरलेली तारखांमध्ये.

दुसरी प्रत मागायला ती आली,
पहिली बर्फाच्या पाण्यात भिजली होती.
खिडकीशी उभी राहून तिने पान उलटलं
आणि रकमेवर बोट ठेवलं.
अक्षरी रुपये चार लाख साठ हजार मात्र.
बोट सरकत सरकत शेवटच्या शब्दावर थांबलं.

या वेळी मी मोठ्याने बोला म्हणालो नाही.
खुर्ची सोडली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं,
कान तिच्या तोंडाशी नेला.

"ह्ये मात्र कशाला?"

मी सांगितलं, रीत आहे.
म्हणजे पुढे कोणी काही वाढवू नये.

ती हसली असावी. खांदे हलले.

"मला वाटलं," ती म्हणाली,
"मात्र लिवलंय,
म्हंजे पुढचं लिवायचं ऱ्हायलंय."