किटलीतलं पाणी

जोहोरच्या कारखान्यात सात वर्षं
मी पोलादाला टोचत होतो.
हिऱ्याचं टोक, वर दीडशे किलोचा दाब,
तबकडीवरचा काटा थरथरायचा
आणि एका आकड्यावर बसायचा.
अठ्ठावन्न. वहीत लिहा. पुढचा तुकडा.

भोजपूरच्या या डोंगरावर, आमच्या भट्टीपाशी,
आकडा नाही.
ट्रकच्या मोडक्या कमानीची पट्टी आहे,
घण माझा, हातोडी बाबांची;
हातोडी बोट दाखवते तिथे घण पडतो.
पट्टीला हळूहळू पोट सुटतं, पाठीला बाक येतो,
खुकुरी होते.
मग ती शेवटची भट्टीत जाते
आणि एका रंगाला बाहेर निघते.
तो रंग मला अजून नीट दिसत नाही.

बाबा चहाची काळी किटली उचलतात.
धारेवर धार धरतात, सुतासारखी,
पोटापासून टोकाकडे, टोकाकडून पोटाकडे,
तेवढा वेळ श्वास बंद.
पाठीवर थेंब उडता कामा नये.
पाठ मऊ राहावी, मार तिनेच खायचा असतो.
जास्त प्यालेली धार काचेसारखी उडते,
कमी प्यालेली
लाकडापुढे मान टाकते.

मग कानस.
पाठीवर ती कुरकुरते, लोखंडाचा भुसा पाडते.
धारेवर फिरवली तर सटकते,
दात लागत नाही.
बाबांचा डावा कान घणाने केव्हाच नेला,
उजवा ते पात्याशी आणतात
आणि डोळे मिटून ऐकतात,
आजाऱ्याच्या छातीला कान लावावा तसे.

आज हरिकला कार्की चढ चढून आली.
अंगणाच्या कडेलाच थांबली, घाम पुसला,
पातं मागून घेतलं.
अंगठ्याच्या नखावर धार टेकवून
उन्हात इकडे तिकडे फिरवली.
मग गाठोड्यातून वाळक्या बांबूचं पेर काढलं
आणि नेमका गाठीवर घाव घातला,
एक, दोन, तिसरा मुद्दाम तिरका.
पुन्हा नख. पुन्हा ऊन.
धार मुडपली नव्हती. कपची उडाली नव्हती.

“पाणी चांगलं बसलंय,” ती म्हणाली,
बाबांना नाही, पात्याला.

घासाघीस केली नाही.
नोटा ऐरणीवर ठेवल्या, हातात नाही.
ऊन मी म्हणत होतं.
बाबांनी किटली थोडी पुढे सरकवली,
किटली पुढे सरकवणं ही त्यांची जुनी खोड.
तिने किटलीकडे पाहिलं, मग वाटेकडे.
“खाली नळ आहे ना,” म्हणाली.

आम्हा बराइलींच्या हातचं पाणी
त्यांच्या घरात चालत नाही.
आमच्या हातचं पाणी प्यालेली खुकुरी चालते,
सरपणाला, चाऱ्याला, दसैंच्या बोकडाला,
सुनेच्या उशाखाली, बाळंतपणात.

वळणावर ती वाकलेली दिसली,
नळाखाली ओंजळ, कमरेच्या पटक्यात खुकुरी.
बाबांनी पाहिलं का, कोण जाणे.
त्यांनी पुढचं पातं उचललं,
उजवा कान जवळ आणला,
मला खुणावलं.
मी कानस लावली.

“थांब,” ते म्हणाले.
“दाबू नकोस.”